औषध कोणतं घेतलंत, बाबा?

विडी सोडायला निघालेल्या माणसाने कसला आधार घेतला, हे सरकारला जाणून घ्यायचं असतं. 2016-17 साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने देशभर जे तंबाखू सर्वेक्षण केलं, त्या ‘गॅट्स’च्या प्रश्नावलीत हा प्रश्न आहे. पर्याय ऐका: समुपदेशन, निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम, डॉक्टरने लिहून दिलेली गोळी, पारंपरिक औषध, फोनवरचा सल्ला. आणि त्यांच्याच पंगतीत, मांडीला मांडी लावून, बिनधुराची तंबाखू धरणे!

मुरबाड-शहापुरातल्या कुठल्याही ओट्यावर हा प्रश्न टाकून बघा. बाकीचे पर्याय वाचायची वेळच येणार नाही. आमची औषध कंपनी चुलीवर चालते. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, ठसक्याने शेजारीण खोकायला लागली की उतरवायची, चुरून डबीत भरायची. झाली मशेरी. डोस एक बोट, दात घासायच्या निमित्ताने, दिवसातून वाटेल तितक्या वेळा. पुरुषमाणसांसाठी तंबाखू-चुन्याची आवृत्ती टपरीवर मिळते, तीही चिठ्ठीशिवाय.

औषध लागू पडलंय हे आकड्यांतही दिसतं. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारही भरले नाहीत, 3.8 टक्के. टाळ्या! तंबाखू तोंडात धरणारे 24.4 टक्के. आता टाळ्या थांबल्या, कारण तळहात मळण्यात गुंतलेत. (गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. त्यामुळे सुपारी एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत आणि दोघांचा विवाह गिऱ्हाइकाच्या तोंडात.)

निकोटिनच्या च्युइंगमचं मात्र आमच्या लोकांना हसू येतं. सावकाश चावा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, अशी त्याची रीत. हे शिकवायला कंपनीने माणूस पाठवायचा? इथे तीन पिढ्या गालात बार धरून भात लावत आल्यात! खाण्यापिण्याआधी पंधरा मिनिटं थांबा, ही अट तेवढी चहामुळे अवघड.

निकोटिनचं हे औषध 2022 पासून देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादी आणि उपकेंद्राचं कपाट यांच्यात किती अंतर असतं, हे शहापूरकरांना सांगायला नको. भातसा धरण त्यांच्याच तालुक्यात, पाणी मुंबईला, गावात टँकर.

प्रश्नावलीतल्या ‘इतर’ या रकान्यात एक देशी उपाय बसतो, तो म्हणजे वारकऱ्याची माळ. माळ घातली की मटण सुटतं, दारू सुटते, विडीही सुटते. चंचीचं मात्र वारीलाही काही अडत नाही. विठोबाने या विषयात अजून परिपत्रक काढलेलं नाही.

मग आशाताई सी-बॅकचा, म्हणजे आजारांचा धोका गुणांत मोजायचा फॉर्म घेऊन येते. तंबाखू कधीच नाही तर 0 गुण, पूर्वी होती किंवा कधीमधी असेल तर 1, रोज असेल तर 2. विडी ओढायचे तेव्हा बाबांना 2. विडी सोडून तंबाखू धरली, तरी 2. एका कागदावर बाबांनी विडी जिंकली, दुसऱ्यावर ते आहेत तिथेच.

“दोन म्हंजे पास का नापास, ताय?”

“यात जास्त मिळाले की नापास, बाबा. शून्य सगळ्यात चांगलं.”

“आमाला शाळंत शून्यच मिळायचं,” बाबा म्हणाले, “तवा मास्तर कंदी बोलला नाय चांगलं म्हणून.”