पुढच्या हिवाळ्यात नक्की

सहारात जाऊन आलेली माणसं दोन वाक्यांत आटोपतात: वाळू होती, ऊन होतं. सहारा ऐकावा तो न गेलेल्या माणसाकडून. असा एकजण सांगलीत असतो, ठाण्यात असतो, नाशकात तर गल्लीआड असतो. नोकरी बहुधा बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात, वय पन्नाशीच्या आगेमागे, आणि हॉलमध्ये कालनिर्णयच्या शेजारी नायजरचा नकाशा.

मोरोक्को, इजिप्त ही नावं त्याच्यापुढे काढू नयेत. तिथे काय, कोणीही जातं. त्याला जायचंय तेनेरेला. नायजरच्या ईशान्येकडून चाडमध्ये शिरणारा हा वाळूचा पसारा अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा. या पसाऱ्यात पूर्वी एक झाड होतं. बाभळीच्या कुळातलं, शेकडो किलोमीटरांत एकटंच, नकाशावर स्वतंत्र नोंद असलेलं. मुळं तीस मीटरांहून खाली पाण्याला भिडलेली. १९७३ साली एका ट्रकवाल्याने ते पाडलं. इथे आपल्या माणसाचा आवाज दाटून येतो. चारी दिशांना मोकळं मैदान असताना नेमका झाडावर ट्रक घालायचा! झाडाचे अवशेष नियामेच्या संग्रहालयात ठेवलेत. आपल्या माणसाच्या कार्यक्रमपत्रिकेत ते पाहायची वेळही लागलेली आहे: आगमनाचा दिवस, दुपारी तीन ते साडेचार.

ही कार्यक्रमपत्रिका हा खरा ग्रंथ. तारखांचा रकाना तेवढा कोरा, बाकी सगळं भरलेलं. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, चार माणसं, दहा दिवस, म्हणजे दोनशे लिटर. गाडी बिघडली तर म्हणून वर शंभर. हा हिशोब तो पाणीकपातीच्या दिवशी, बादल्या भरायच्या सोडून, करत बसलेला असतो. वाळूत गाडीचं अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येतं, म्हणून डिझेलचे कॅन किती, कॅनच्या वजनाने आणखी किती जास्त जळेल, त्या जास्तीच्या डिझेलला आणखी कॅन किती. तुआरेग लोक निखाऱ्यांखालच्या तापल्या वाळूत रोटी भाजतात हे त्याला माहीत आहे, तरी भडंग दोन किलो लिहिलेलं आहे. पाहुण्याला चहा तीन वेळा देतात आणि तिन्ही पेले घ्यावेच लागतात, हेही माहीत आहे. त्याची तयारी मात्र झालेली दिसते. आपल्याकडे आला की तिसरा कप मागून घेतो.

त्याचा देव राल्फ बॅगनोल्ड. हा इंग्रज लष्करी अधिकारी १९२० आणि ३०च्या दशकांत फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरला. रुतलेल्या चाकांखाली घालायला लोखंडी पन्हाळी, मऊ वाळूसाठी टायरची हवा कमी करणं, दिशेसाठी सूर्यहोकायंत्र, रेडिएटरमधली वाफ वाया जाऊ नये म्हणून ती थंड करून पुन्हा पाणी करण्याची सोय, असा सगळा संसार त्याने मांडला. पुढे वाळू वाऱ्याने कशी सरकते यावर १९४१ साली जाडजूड शास्त्रीय पुस्तकही लिहिलं. आमच्या माणसाला हे वाचून स्वस्थ बसवेना. दापोलीजवळ कर्द्याच्या किनाऱ्यावर त्याने स्वतःची छोटी मोटार वाळूत घातली. टायरची हवा पुस्तकाबरहुकूम कमी केली, गच्चीवरच्या शेडचे दोन पत्रे पन्हाळी म्हणून आणले होते तेही लावले. गाडी रुतली ती रुतलीच. बॅगनोल्डला समुद्राची अडचण नव्हती.

"भाऊ, भरती येतेय," किनाऱ्यावरच्या नारळवाल्याने सांगितलं.

"थांबा हो, वाळूचा कण ओला आहे, म्हणून गणित बदलतंय."

शेवटी गावातल्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. हवा भरायचा पंप आणायचा राहिला होता. तेव्हापासून यादीत 'पंप' हा शब्द लाल शाईत आहे.

मग हा जात का नाही? पैसे आहेत, शिल्लक रजा आहे, पासपोर्ट तर दोनदा नवा करून झाला. अडचण त्याची नसते, जगाची असते. २०१२ साली मालीत गडबड झाली, तो थांबला. बेत पुन्हा जमत आला तर करोना. २०२३च्या जुलैत नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा आठवडाभर लोक त्याला भेटायला जात होते. "बरं झालं, तिकिटं काढली नव्हती," तो समाधानाने म्हणाला. सॅटेलाइट फोन घ्यायचा म्हटलं, तर थुराया, इरिडियम आपल्या देशात परवानगीवाचून बाळगता येत नाहीत. पिवळ्या तापाची लस तेवढी त्याने टोचून घेतली; या प्रवासातलं परत न घेता येणारं हे एकच पाऊल. पण तिथेही घात झाला. त्या दाखल्याची मुदत पूर्वी दहा वर्षांची असे, २०१६पासून तो जन्मभर चालतो. म्हणजे घाई कसली?

खरं तर तेनेरेत हरवण्यालाही पुण्य लागतं. थिएरी साबीन हा फ्रेंच मोटारसायकलवाला १९७७ साली तिथे वाट चुकला, जेमतेम वाचला आणि परत येऊन त्याने पॅरिस-डाकार शर्यत सुरू केली. दहशतीच्या भीतीने ती शर्यत २००९ साली दक्षिण अमेरिकेत गेली, २०२०पासून सौदी अरेबियात भरते. शर्यतीने दोनदा खंड बदलला. आपल्या माणसाने बेत बदललेला नाही. 'तेनेरे २०१४' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव तो दर जानेवारीत बदलतो. ग्रुपवर आता गुडघेदुखीचे उपाय येतात.

घरच्यांनी हे वाळवंट पचवलंय. वहिनी फक्त पावसाळ्यात म्हणतात, "अहो, तो नायजर जरा उतरवा, मागे भिंतीला ओल आलीय का बघू दे." जखम झाली ती सासूबाईंमुळे. वयाच्या सत्तरीत त्या एका यात्रा कंपनीबरोबर नामिबियाला गेल्या. डब्यात श्रीखंड-पुरी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि प्रवेशद्वारापासून पंचेचाळीस किलोमीटरवरची ती 'ड्यून ४५' नावाची वाळूची टेकडी! सुमारे एकशेसत्तर मीटरांची ती टेकडी अर्धी चढून त्यांनी जावयाला फोटो पाठवला. जावयाने उत्तर दिलं: "चढताना आधीच्या माणसाच्या पावलांत पाऊल ठेवा, दम कमी लागतो." सल्ला अगदी बरोबर होता, सासूबाईंनीही मान्य केलं. जेवताना मात्र तो म्हणाला, "नामिब ठीक आहे. पण तिथे हॉटेल असतं हो."

त्याला बढाईखोर म्हणायला माझं मन धजत नाही. बॅगनोल्डही आधी मोजमापच करत बसायचा; वाळवंटातून जिवंत परतणारे सगळे याच जातीचे. फरक इतकाच, की तो एकेक अडचण सोडवत सुटला आणि आमचा माणूस तीच अडचण नीट घडी घालून फायलीत ठेवतो.

तेव्हा तुम्हाला कधी खरंच तेनेरेला जायचं झालं, तर ट्रॅव्हल एजंटकडे जाण्याआधी याच्याकडे जा. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गाडी दोन, पाणी किती, पंप कोणता, सगळं फुकट आणि अचूक मिळेल, वर चहाही मिळेल. फक्त निघताना "तुम्हीही चला की" असं म्हणू नका. माणूस भला आहे, उगाच त्याला अडचणीत टाकू नये.