हीटरच्या पंख्याची चौकशी : वाकोलानिवासी मोटारमालकांसाठी

वाकोल्यात राहणाऱ्या इसमाने मोटारीतील हीटरची चिंता वाहावी हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल; कारण शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेच्या दप्तरी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरल्याची जी नोंद आहे ती जानेवारी १९६२ची असून, येथील थंडीने त्या पराक्रमाची पुनरावृत्ती करण्याची तसदी घेतलेली नाही. द्रुतगती महामार्गावरील कोंडीत इंजिन तापले असता त्याची उष्णता ओढून घेण्यासाठी एखादा जाणता चालक ऐन मे महिन्यात हीटर लावतो आणि घामाघूम होऊन घरी पोहोचतो, एवढाच काय तो या यंत्राचा स्थानिक उपयोग. परंतु हीटर आणि एसी या दोन्ही खात्यांची चाकरी एकच पंखा करीत असल्यामुळे, म्हणजे तोच वारा इंजिनच्या ऊन पाण्याच्या जाळीवरून गेला तर उष्ण व एसीच्या जाळीवरून गेला तर शीतल होत असल्यामुळे, त्या पंख्याने कण्हावयास आरंभ करताच प्रकरण बारमाही होते.

प्रथम हद्द ठरवावी. डोक्यावरून विमाने, पुलावरून ट्रक आणि चहूकडून रिक्षा अशा परगण्यात, आवाज आपल्याच मोटारीचा आहे याची खातरजमा झाल्यावाचून फिर्याद दाखल करू नये. रात्री रहदारी ओसरल्यावर काचा चढवाव्यात, इंजिन सुरू न करता केवळ किल्ली फिरवावी आणि पंखा एक, दोन, तीन, चार असा क्रमाने चालवावा. आवाज त्याच क्रमाने चढत गेला तर आरोपी हाती लागला. तो इंजिन सुरू झाल्यावरच उमटत असेल आणि इंजिनच्या गतीबरोबर चढत असेल, तर पंख्यास सन्मानपूर्वक मुक्त करून पट्ट्याची व कॉम्प्रेसरची जबानी घ्यावी. (पहिले तीन आकडे मुके आणि चौथाच तेवढा चालतो, असे असल्यास बहुधा रेझिस्टर जळालेला असतो, तो खटला निराळा.)

आता ध्वनींचा अर्थ. पंखा लावताच फडफड वा टिकटिक होऊ लागली तर संशय पानावर घ्यावा. पर्जन्यवृक्षाच्या सावलीत गाडी लावावयास मिळाली म्हणून जो गृहस्थ कृतार्थ होतो, त्याच्या पुढच्या काचेखालील जाळीत त्या वृक्षाची बारीक पाने रात्रभर निमूटपणे रुजू होत असतात. सकाळी प्रथम चिरचिर आणि पंखा काही वेळ चालल्यावर शांतता, हे कोरड्या पडलेल्या बुशाचे लक्षण होय. घडघडीने डॅशबोर्डच थरथरत असेल तर पंख्याचा तोल गेला आहे: पाते तुटले असेल किंवा मूषकाने तेथे बिऱ्हाड थाटले असेल. अशा वेळी डावीकडचा कप्पा दोन्ही बाजूंनी दाबून खाली उतरवावा, मागील फिल्टर हलक्या हाताने ओढावा, आणि कापसाचा पुंजका, वेफरच्या पिशवीचा तुकडा, गतवर्षीच्या पीयूसीचा कुरतडलेला कोपरा असा जो मुद्देमाल बाहेर येईल त्याचा पंचनामा करावा. मात्र तोंडावर रुमाल बांधल्यावाचून हे कृत्य करू नये, व पंखा चालू ठेवून तर मुळीच करू नये. बाहेरची हवा आत घेण्याचे बटण दाबताच टकटक झाली तर झडपेच्या चाकाचे दात झिजले आहेत. वळणावर पाणी डुचमळल्याचा आवाज आला आणि डाव्या पायाखालील गालिचा ओला लागला, तर एसीचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली असे समजावे. पंखा निरपराध आहे.

मोटार जुनी व विकत घेतलेली असल्यास पूर्ववृत्त अवश्य काढावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा या भागातील कैक मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा पुरात एकवार बुडालेल्या पंख्याची मोटर आतून गंजू लागते, आणि तिला तेलपाणी देऊन समजावण्यात अर्थ नसतो.

पंखा बाहेर न काढताच "मोटर बदलावी लागेल, साहेब" असा निकाल जो कारागीर देतो, त्याच्यापुढे मान डोलावू नये. बहुतेक गाड्यांत तो त्याच कप्प्यामागे मोजक्या स्क्रूंवर बसविलेला असतो. आपल्यासमक्ष काढवून घ्यावा. पान निघाले तर मजुरी तत्काळ द्यावी, मोटरीची किंमत देऊ नये. आणि मोटर खरोखरच बदलली, तर जुनी मागून घ्यावयास विसरू नये.