आता जाब तुम्ही द्या

१८ ऑगस्ट २००८. पुष्पकमल दहाल ऊर्फ प्रचंड यांनी काठमांडूत पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी सुनसरी जिल्ह्यात कुसहाजवळ कोसीचा बांध फुटला. नेपाळमधली हजारो आणि बिहारमधली लाखो माणसं उघड्यावर आली. बांधाची देखभाल करारानुसार भारताकडे होती. पण घरात पाणी शिरलेला माणूस करार वाचत बसत नाही. तो आपल्या सरकारला हाक मारतो.

ते सरकार आता माओवाद्यांचं होतं. १९९६मध्ये ४० मागण्या पुढे करून त्यांनी बंदूक उचलली. दहा वर्षांत सुमारे १७ हजार जीव गेले. मग शांतता करार झाला, निवडणूक झाली आणि लोकांनी त्यांनाच सर्वांत मोठा पक्ष केलं. ते मत बदलासाठी होतं. मिळाला तो हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तासांचा अंधार. सरकारने ताकद पणाला लावली ती लष्करप्रमुख रुक्मांगद कटवाल यांना हटवण्यावर. ते जमलं नाही आणि मे २००९मध्ये प्रचंड यांनी राजीनामा दिला. २०१३मध्ये पक्ष तिसऱ्या क्रमांकावर गेला.

मग हे लोक राज्य करूच शकत नाहीत का? शकतात. २०१६मध्ये प्रचंड यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत ऊर्जामंत्री जनार्दन शर्मा या माजी बंडखोर कमांडरने कुलमान घिसिंग या अभियंत्याला वीज प्राधिकरणाचा प्रमुख नेमलं. घिसिंग यांनी काही उद्योगांना मिळणारी अखंड वीज रोखली, गळतीवर बोट ठेवलं, भारताकडून येणाऱ्या विजेचं गणित नीट मांडलं. त्या दिवाळीत काठमांडूचे दिवे गेले नाहीत. क्रांतीच्या घोषणांनी जे झालं नाही, ते एका योग्य नेमणुकीने झालं.

पण एक अंधार तसाच आहे. युद्धात बेपत्ता झालेले तेराशेहून अधिक लोक कुठे आहेत? काहींना लष्कराने आणि पोलिसांनी नेलं, काहींना माओवाद्यांनी. शोधासाठीचा आयोग २०१५पर्यंत बसलाच नाही, आणि बसल्यावरही घरच्यांना उत्तर मिळालं नाही. प्रचंड तीनदा पंतप्रधान झाले.

मतपेटी सत्ता देते, माफी देत नाही. ज्या आयांची मुलं परतली नाहीत, त्यांना ती कुठे गेली हे सांगणं हे सरकारचं काम आहे. आणि ज्यांच्या हातात तेव्हा बंदूक होती, त्यांचं तर सर्वांत आधी.