बादशहाचं जुनं घर

बऱ्हाणपूरच्या परकोटात एखाद्या तरुण जोडप्यानं जुनं घर घेतलं, की सासरे, साडू आणि पानवाला यांचं एकमत होतं : पाडा अन् स्लॅब टाका! शहाजहानला हे सांगायची कुणाची छाती झाली नसावी. १६३० साली तो दख्खन मोहिमेसाठी इथं उतरला तो फारुकी सुलतानांच्या जुन्याच घरात, तापीकाठच्या शाही किल्ल्यात. सोबत लेकुरवाळा संसार. मुमताजसाठी म्हणे खास हमाम केला. त्याच्या छतावरची, चुन्याच्या गिलाव्यावरची वेलबुट्टी आजही टिकून आहे. 'साहेब, दिवाळीनंतर बघू' असं गवंड्यानं सांगितल्याची नोंद मात्र सापडत नाही.

आपला गवंडी चुन्याचं नाव काढलं की हसतो. ओल आलेल्या भिंतीवर सिमेंट थापतो, वर पांढरा पेंट मारतो. पहिल्याच पावसात पापुद्रे धरतात आणि शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटानं ते ताटात पडतात. पाण्याची कथा तर विचारूच नका. मुघल सुभेदार खानखानानच्या काळात, १६१५च्या सुमारास, कुंडी भंडारा या भुयारी जलव्यवस्थेनं सातपुड्याचं पाणी नुसत्या उतारावर शहरात आणलं. आपल्याला गच्चीवरच्या टाकीसाठी मोटार लागते, आणि नळ आला की वीज जाते.

तेव्हा घर घेणाऱ्यांनो, दलालाबरोबर मे महिन्यात जाऊ नका. ऑगस्टच्या झडीत छत बघा, मगच बयाणा द्या.