डिस्क तुमची, किल्ली त्यांची

ठाण्यात टेंभी नाक्याच्या आसपास पागडीने राहणाऱ्याला व्हिडिओ गेमची मालकी वेगळी समजावायला नको: रक्कम आपण मोजायची, मालक दुसराच. पण पागडीवाल्याच्या पाठीशी निदान ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. घरमालक मनात आलं म्हणून कुलूप ठोकू शकत नाही. गेम कंपनीला मात्र ते जमतं: युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले (तारीखही काय निवडली!) आणि एकट्याने खेळण्याची सोयसुद्धा गेली. डिस्क कपाटात शाबूत, गाडी जागची हलत नाही. म्हणे, तुम्ही खेळ नव्हे, परवाना घेतला होता. २००८ च्या ‘स्पोर’ या खेळाला सुरुवातीला तीनच अ‍ॅक्टिव्हेशन मिळत, तीही पैसे मोजणाऱ्याला. कुलूप फोडलेली चोरटी प्रत कितीही संगणकांवर चाले.