परवडणारी गाडी

जुन्या गाडीच्या नादी लागलेली माणसं दोन जातींची असतात. पहिल्या जातीचं सगळं उघड असतं. गाडी पुसायची, झाकून ठेवायची, रॅलीला न्यायची आणि तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचे. हा शौक आहे हे घरच्यांना माहीत असतं, आणि शौक म्हटला की त्याच्यावर भांडता येतं. दुसरी जात अवघड. तिला शौक हा शब्दच मान्य नसतो. "प्रॅक्टिकल विचार केला तर हीच गाडी परवडते," असं ती म्हणते. मग भांडणार कुणाशी? त्रैराशिकाशी?

आमच्या सांगलीतले, विश्रामबागेतले अण्णा या दुसऱ्या जातीचे. पाटबंधारे खात्यात जन्म गेला. कालव्याला किती उतार, धरणातून किती क्युसेक, हेच आयुष्यभर मोजत आले. निवृत्त झाले तेव्हा फंडाचे पैसे आले आणि घरात गाडीचा विषय निघाला. मुलानं अर्टिगाचं रंगीत पत्रक आणून टीपॉयवर ठेवलं. सुनेनं रंगही ठरवला होता. अण्णांनी पत्रक शेवटच्या पानावरून वाचायला घेतलं, लांबी 4395 मिलिमीटर या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली, टेप घेऊन पोर्चमध्ये गेले आणि परत येऊन म्हणाले, "मागची दोन फूट रस्त्यावर राहते. पावसाळ्यात कुत्री बसतील." पत्रक मिटलं.

पंधरा दिवसांनी जयसिंगपूरहून जे आलं ते पोर्चमध्ये बसत होतं. 1986 ची मारुती व्हॅन. लांबी 3370 मिलिमीटर, म्हणजे अकरा फूट आणि वर बोटभर. आधीचा मालक डॉक्टर. सेकंडहँड गाडीचा आधीचा मालक नेहमी डॉक्टरच असतो. महाराष्ट्रात विकल्या गेलेल्या जुन्या गाड्या मोजल्या तर डॉक्टरांना पेशंट बघायला वेळ कधी मिळत होता असा प्रश्न पडेल. मुलगा गाडीभोवती एक फेरी मारून गप्प उभा राहिला. सून घरात निघून गेली. काकू एवढंच म्हणाल्या, "अहो, ही आपल्या लग्नाच्या वेळची दिसते." अण्णांनी ती स्तुती म्हणून स्वीकारली.

आता अण्णांची बाजू सांगतो, कारण ती दुबळी नाही. ही व्हॅन बाजारात आली 1984 साली. सुझुकीच्या जपानी व्हॅनवरून घेतलेली. इंजिन 796 सीसी, तीन सिलिंडरचं, मारुती 800 मध्ये होतं तेच. त्यामुळे पार्ट कुठेही मिळतो आणि तो बसवणारा मेस्त्री त्याहून सहज मिळतो. पुढे नाक नाही, सगळी लांबी माणसांच्या कामाची. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, म्हणजे गणपती पेठेच्या गर्दीतही शेजारच्या गाडीला न घासता उतरता येतं. नातीच्या शाळेबाहेर ही व्हॅन उभी राहिली की वॉचमन जरा निरखून बघतो, कारण हिंदी सिनेमात माणूस पळवायचा तो याच गाडीतून. सुनेला त्याची लाज वाटते. अण्णांना अभिमान. "पळवणारे काय खुळे असतात काय? त्यांचं सगळं गणित वेळेवर. हजार गाड्या बघून त्यांनी हीच निवडली. ह्याला प्रॅक्टिकल म्हणतात."

आरसी बुकात आसनं पाच आहेत. अण्णांच्या हिशेबात आठ. मागची सीट काढून त्यांनी सोफ्यावाल्याकडून समोरासमोर दोन बाकं करून घेतली, तांबड्या रेक्झिनची, खाली छत्र्या ठेवायला कप्पा. पासिंगच्या वेळी ही बाकं निघतात आणि व्हरांड्यात येऊन बसतात. व्हरांड्यात तांबडी बाकं दिसली की गल्लीला कळतं, अण्णांची गाडी आरटीओला निघाली. त्या आठवड्यात लोक मुद्दाम चहाला येतात, बसायला जागा असते म्हणून.

खरी गंमत मात्र वहीत आहे. अण्णांकडे लांब पुठ्ठ्याची जमाखर्चाची वही आहे आणि तिच्यात 'वाहन' असा एक रकाना आहे. वर्षअखेरीला ते हा रकाना कुणालाही उघडून दाखवतात. आकडा खरोखर कमी असतो. एकदा मी उरलेले रकानेही वाचले. डाव्या बाजूचा पत्रा गंजला होता, त्याचं टिंकरिंग-पेंटिंग 'दिवाळी, रंगकाम' यात होतं. घराला रंग लावलाच होता, त्यात चार लिटर इकडे-तिकडे. नवी बॅटरी 'वीज' या रकान्यात. चारही टायर 'किरकोळ'. तुळजापूरला जाताना सोलापूरच्या अलीकडे रेडिएटर गेला, तो 'देवधर्म' मध्ये. तिथून गाडी टोचन करून आणली, त्याचे पैसे 'प्रवास' मध्ये, आणि अण्णांचं म्हणणं असं की टोचन हाही प्रवासच आहे, उलट त्यात पेट्रोल लागत नाही. मी विचारलं, "मग वाहन या रकान्यात काय येतं?" म्हणाले, "हवा. आणि पुसायचं फडकं."

यात लबाडी नाही, हे मी ठामपणे सांगतो. अण्णांनी आयुष्यात सरकारी पेनसुद्धा घरी आणलं नाही. पण ज्या घरात साखरेचा डबासुद्धा मोजून भरला गेला, तिथे वाढलेल्या माणसाला एखादी वस्तू नुसती आवडते असं म्हणायची सोय नसते. आवडण्याला पावती लागते. तिन्हीसांजेला व्हॅनच्या टपावरून हात फिरवताना मी त्यांना पाहिलंय. माझी चाहूल लागताच त्यांनी तोच हात बोटांनी ठोकून बघितल्यासारखा केला आणि म्हणाले, "पत्रा बघा. आता मिळतो का असला?"

या सगळ्या व्यवहाराची झळ कुणाला लागत असेल तर काकूंना, आणि झळ हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सांगलीचा मे महिना, त्यात खालून तीन सिलिंडर. काकू आधी टॉवेल घालून बसायच्या, मग चटई, हल्ली दुपदरी गोधडी. अण्णांनी इथेही बचत शोधली. पोळ्यांचा डबा काकूंच्या पायाशी ठेवला की नरसोबाच्या वाडीला पोचेपर्यंत गरम राहतो. आणि इंजिन बघायचं तर ती सीट उलटवावी लागते, म्हणजे आधी काकूंना उतरवावं लागतं. दुसऱ्यांच्या गाडीत बिघाड झाला की बॉनेट उघडतात. इथे काकू उठतात. रस्त्याच्या कडेला गोधडी काखेत घेऊन उभ्या असलेल्या काकू हे त्या गाडीचं इंडिकेटर आहे, असं त्यांचा मुलगा म्हणतो.

गणपतीपुळ्याची सहल तर आमच्या गल्लीच्या इतिहासात गेली. जाताना आंबा घाट उताराचा, गाडीनं कौतुक करून घेतलं. परतताना साखरप्याच्या पुढे चढ लागला आणि माणसं होती नऊ. आठवं आसनच अण्णांच्या हिशेबातलं, नववं कुठून आलं ते विचारायचं नाही. दोन वळणांनंतर काकू म्हणाल्या, "अहो, चटका बसतोय." अण्णा म्हणाले, "घाट आहे." तिसऱ्या वळणावर वाफ निघाली. सगळे उतरले. पिण्याचं पाणी संपलं तरी रेडिएटरचं पोट भरेना. तेव्हा अण्णांची नजर कोकम सरबताच्या कॅनवर गेली, आणि काकूंनी तो कॅन छातीशी धरला तो आंबा गाव येईपर्यंत सोडला नाही. शेवटी एका ट्रकवाल्यानं पाणी दिलं. पुढचा चढ मंडळी गाडीच्या मागून चालत चढली. अण्णांनी त्या दिवसाचं ॲव्हरेज काढलं तेव्हा ते उत्तम आलं, कारण रिकामी गाडी पेट्रोल कमी खाते.

मुलाचा एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "बाबा, पुढे नाकच नाही. धडक बसली तर पहिला बंपर म्हणजे तुमचे गुडघे." अण्णांचं उत्तर तयार: "म्हणून तर मी चाळीसच्या वर जात नाही. एअरबॅगवाले बघ कसे उडवतात." इथे मी मुलाच्या बाजूचा आहे. पुढे ऑम्नी या नावानं विकली गेलेली ही व्हॅन 2019 मध्ये बंद झाली, ती अपघात-सुरक्षेचे नवे नियम आले आणि त्यात तिचा जुना सांगाडा बसेना म्हणून. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "पस्तीस वर्षं चालली की." असल्या माणसाला काय सांगणार?

अमेरिकेतल्या भाच्यानं त्यांना आणखी बळ दिलं. त्यानं सांगितलं, तिकडे जुन्या फोक्सवॅगन व्हॅनला लोक नव्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजतात. अण्णांनी लगेच माहिती काढली. 1950 पासून निघालेली, ब्राझीलमध्ये तर 2013 पर्यंत बनत होती, इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, आणि हिवाळ्यात आतला हीटर नावापुरता. "बघा," ते काकूंना म्हणाले, "तिकडे लाखो रुपये देऊन लोक कुडकुडतात." काकूंनी गोधडीची घडी मोडून दुसरी घातली.

सध्या अण्णांचं वैर इथेनॉलशी आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि असल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या काही त्यासाठी बनवलेल्या नाहीत. कार्बोरेटर उघडून बसले की ते शिरोळच्या साडूच्या नावानं बोटं मोडतात. साडू ऊस लावतो. उसाचं इथेनॉल होतं म्हणून कारखाना बरा चालतो, म्हणून साडू खूश. गेल्या गणपतीला साडू आले, अण्णांनी त्यांना कुजलेली नळी दाखवली. "तुझा ऊस माझी गाडी खातोय." साडू म्हणाले, "मग नवी घ्या की." दोघांत संक्रांतीपर्यंत बोलणं नव्हतं.

एक गोष्ट मी मान्य करतो. ही गाडी गल्लीला फार उपयोगी आहे. कुणाचा फ्रिज, कुणाचं कपाट, मंडळाचा गणपती, मुलीच्या हॉस्टेलचं सामान, रात्री-अपरात्री मिरजेला न्यायचा पेशंट, सगळं व्हॅनमधून जातं, आणि अण्णा कुणाला नाही म्हणत नाहीत. फक्त अण्णांच्या घरच्यांना लग्नाला जायचं असलं की मुलगा रिक्षा बोलावतो.

यंदा पुन्हा पासिंग आहे. 2021 मध्ये नूतनीकरणाचे 600 रुपये लागले होते. 2022 ला ते 5000 झाले, 2025 ला वीस वर्षांपुढच्या गाड्यांना 10,000. अण्णा हा आकडा 'सण' मध्ये टाकावा की 'शिक्षण' मध्ये या विचारात होते. मी सुचवलं, आता विंटेज म्हणूनच नोंदवा, मान तरी मिळेल. त्यांनी मला 2021 चा नियमच ऐकवला. विंटेजला पन्नास वर्षं पुरी लागतात, आपली चाळिशीत. आणि एकदा तो व्हीए अक्षरांचा नंबर मिळाला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. "म्हणजे दुरुस्तीला न्यायची, पण भाजीला नाही," अण्णा म्हणाले. "कुणाला परवडणार हे?"

मग ते जरा जवळ सरकले. तासगावला एका द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये 1985 ची एक व्हॅन उभी आहे म्हणे. चालत नाही, पण दरवाजे शाबूत आणि काचा मूळच्या. नुसते पार्ट काढायचे म्हटले तरी पैसे वसूल. टेप खिशातच होता. पोर्चच्या शेजारची तुळस दीड फूट सरकवली तर दुसरी आडवी बसते, हे त्यांनी मोजून ठेवलं होतं.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, ही कुठल्या रकान्यात लिहिणार?"

"सुटे भाग," अण्णा म्हणाले.

"आणि आधीची?"

अण्णांनी टेप गुंडाळला. "तीही चालू आहे ना अजून," ते म्हणाले, आणि तुळशीची कुंडी किती जड आहे ते बघायला गेले.