सप्तपर्णीचा वास आणि असीमाबाई

"काकू, या सप्तपर्णीचं काहीतरी करायला हवं. दिवेलागण झाली की वासानं डोकं उठतं."

"उठणारच, ऐन बहरात आहे ती. पण शीला, हिच्याच सालीच्या मागे कलकत्त्याची एक बाई हात धुऊन लागली होती. असीमा चटर्जी."

"गूगलवर चित्र आलं होतं, त्याच का?"

"त्याच. जन्म २३ सप्टेंबर १९१७. शंभर वर्षं झाली तेव्हा गूगलला आठवण झाली. वडील डॉक्टर, त्यांना झाडापाल्याचा नाद. लेकीनं तोच उचलला. स्कॉटिश चर्च कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन १९३६ मध्ये पदवीधर झाल्या, आणि १९४४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या डी.एस्सी. भारतातल्या विद्यापीठाची विज्ञानातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचंच नाव घेतात. आपल्या कमलाबाई सोहोनींची १९३९ ची, पण ती केंब्रिजची."

"घरचं बरं असणार."

"हुशारी बरी होती गं! प्रेमचंद रायचंद स्कॉलर होत्या. ते प्रेमचंदही आपल्या मुंबईचेच, आईच्या नावानं राजाबाई टॉवरला पैसे देणारे. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनीच देणगी दिली होती. आता हे वाक्य मी दरवेळी घुसडते, मला माहितीये."

"आणि लग्न वगैरे?"

"आलीस मुद्द्यावर! १९४५ मध्ये. यजमान बरदानंद चटर्जी, तेही रसायनशास्त्रातलेच. १९४७ मध्ये बाई अमेरिकेला गेल्या, तान्ही लेक आणि तिला सांभाळणारी बाई बरोबर घेऊन. विस्कॉन्सिन, कॅलटेक, मग झुरिकला नोबेलवाले पॉल कॅरर यांच्याकडे. त्याआधी १९४० मध्ये लेडी ब्रेबोर्न कॉलेजात रसायनशास्त्राचा विभागच त्यांनी उभा केला होता."

"मग तिकडेच राहायचं की."

"परत आल्या, आणि खरी गंमत इथंच आहे. पोतंभर साल वाळवायची, कुटायची, अल्कोहोलात भिजत घालायची, गाळायची, आटवायची. त्या चिकट राड्यातून एकेक द्रव्य सुटं करायचं. एवढं करून हाती चिमूटभर स्फटिक! तिथून पुढं रेणूत कुठला अणू कुठं बसलाय ते शोधायचं, तेही आजच्यासारखी यंत्रं नसताना. रेणू तोडायचा, तुकडे ओळखायचे आणि अख्खा कसा असेल ते ताडायचं. नमुने तपासायला परदेशी धाडायचे, त्याला पैसे पदरचे. सर्पगंधेतल्या अल्कलॉइडांवर त्यांनी असंच काम केलं. १९६१ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, तो घेणाऱ्या पहिल्या बाई. १९६२ ते १९८२ कलकत्ता विद्यापीठात खैरा प्रोफेसर."

"माझी जाऊ म्हणते, सदाफुलीचं कॅन्सरचं औषधही त्यांनीच काढलं."

"जावेला सांग, नाही. सदाफुलीच्या अल्कलॉइडांवर त्यांनी काम केलं, पण व्हिनब्लास्टीन वेगळं काढलं ते कॅनडात, नोबल आणि बीअर यांनी. बाईंचं स्वतःचं एवढं आहे की दुसऱ्याचं त्यांच्या पदरात कशाला टाकायचं? फेफऱ्यावरचं आयुष-५६ त्यांच्या कामातून आलं. त्यात जटामांसी आहे, आपण तेलात घालतो ती, आणि तळ्याकाठची चारपानी शुषनी. बंगाली लोक तिची भाजी खातात, म्हणतात झोप छान लागते. मलेरियावर सप्तपर्णी, कुटकी, किराईत आणि सागरगोटा."

"सागरगोटा? आपण खेळायचो तो?"

"तोच! आपण झेलत बसलो, त्यांनी फोडून बघितला. पण हे ऐकून तू साल उकळत बसू नकोस. झाडातलं नेमकं काय, किती आणि कुणाला, हे ठरवण्यातच त्या बाईचा जन्म गेला."

"सगळं सुरळीत झालेलं दिसतंय मात्र."

"कसलं सुरळीत! १९६७ मध्ये वडील आणि यजमान, दोघंही चार महिन्यांच्या अंतरानं गेले. स्वतःचीही तब्येत पार ढासळली. सावरल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत. म्हणून तर १९७५ चं मला विशेष वाटतं. त्या वर्षी पद्मभूषण, आणि त्याच वर्षी इंडियन सायन्स काँग्रेसच्या अध्यक्ष."

"म्हणजे आपल्या सोसायटीच्या चेअरमनसारखं? सह्या करायच्या?"

"देशभरच्या शास्त्रज्ञांची संस्था ती! पहिलं अधिवेशन १९१४ मध्ये कलकत्त्यालाच भरलं, अध्यक्ष आशुतोष मुखर्जी. तेव्हापासून त्या खुर्चीत पुरुषच. एकसष्ट वर्षांनी पहिली बाई बसली, आणि लोक त्याचं कौतुक करतात! मला विचारशील तर कौतुक बाईंचं, खुर्चीनं मान खाली घालावी. पुढे १९८२ ते १९९० त्या राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त खासदार होत्या. २००६ मध्ये गेल्या."

"आणि त्यांच्यानंतर? मग रांगच लागली असेल बायकांची."

"रांग? पुढची बाई यायला १९८६-८७ उजाडलं. अर्चना शर्मा, वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रांच्या अभ्यासक. त्याही कलकत्ता विद्यापीठाच्याच. जन्म मात्र आपल्या पुण्याचा."